उजवा कौल

गाभाऱ्यात मी एकटा होतो आणि माझं मधलं बोट तांब्यातल्या पाण्यात होतं. बाहेर साठ-सत्तर माणसं बसली होती, पण खोकल्याचासुद्धा आवाज येत नव्हता. सकाळचे दहा वाजले असतील. समोर काळा पाषाण, आमचा गिरोबा. त्याच्या छातीवर तगरीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग मानकऱ्याने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांनी वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या वाघिवड्यात लग्न, विहीर, वाटणी, आजारपण, सगळं या दोन पाकळ्यांवर ठरायचं.

गुरवाने एकच सांभाळायचं. दोन्ही पाकळ्यांना पाणी सारखं.

मी डाव्या पाकळीला भरपूर पाणी लावलं. उजवीला नुसतं ओलसर बोट टेकवलं. कमी पाण्याची पाकळी आधी वाळते, आधी सुटते. हे प्रत्येक गुरवाला माहीत असतं आणि कुठलाच गुरव ते बोलत नाही.

देव बघतोय असं वाटत होतं. तेव्हा मी मानत होतो, हे आधीच सांगून ठेवतो. न मानणाऱ्याला ते सोपं गेलं असतं.

*

पुन्हा सांगतो, आठ दिवस मागे जाऊन.

देवळाच्या आवारात वहिनीला कुत्रं चावलं. पोटरीत चार दात रुतले. गावाच्या दृष्टीने ते साधं कुत्रं नव्हतं, देवाचं होतं. आवारातल्या कुत्र्यांना नैवेद्याचा पहिला घास मिळायचा. त्यातलं एखादं कुणाला चावलं तर देवाने त्या माणसावर खूण केली असं धरायचे. खूण झालेल्याने चाळीस दिवस रोज सकाळी तीर्थ घ्यायचं, जखमेला देवाचा अंगारा लावायचा आणि गावाची शीव ओलांडायची नाही. सुई टोचून घेणं म्हणजे देवाची खूण पुसणं.

वहिनीचं नाव मालन. दादा मस्कतला होता, पत्र जायला पंधरा दिवस लागायचे. घरात मी, वहिनी, तिची पाच वर्षांची सुगंधा आणि माझे वडील, आपा. आपांनी बेचाळीस वर्षं कौल लावला होता. वर्षभरापासून त्यांचे हात थरथरायला लागले म्हणून काम माझ्याकडे आलं. मी चोवीस वर्षांचा होतो.

पाचव्या दिवशी ते कुत्रं मेलं. आधी दोन दिवस आवारात गोल फिरत होतं, तोंडातून लाळ गळत होती. लोकांनी त्याला हळदकुंकू वाहून पुरलं.

सातव्या दिवशी उपकेंद्राच्या कुंभारसिस्टर आल्या. त्या साताऱ्याकडच्या होत्या. अंगणातच उभ्या राहिल्या.

"कुत्रं कुठाय?"

"मेलं."

"कधी?"

"परवा."

त्यांनी छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग मला विहिरीकडे घेऊन गेल्या.

"तुम्ही बारावी झालाय ना? मग नीट ऐका. हा आजार एकदा सुरू झाला की औषध नाही. इथे नाही, मुंबईला नाही, कुठेच नाही. तहान लागते, पण पाणी तोंडाजवळ आणलं की घसा आवळतो. नंतर नुसतं पाणी दिसलं तरी. माणूस पुरता शुद्धीवर असतो आणि त्याला सगळं कळत असतं. तीन-चार दिवसांत संपतं."

"आणि सुरू व्हायच्या आधी?"

"आधी इंजेक्शनं आहेत, तालुक्याला. पोटात चौदा, रोज एक. आज सुरू केलीत तर आशा आहे."

"किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"ते त्या कुत्र्याला विचारा." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. आवाज खाली आला. "मी दोनदा येऊन गेले. तुमच्या मानकरी परबांना सांगितलं, तुमच्या श्रद्धेचा मान राखून सांगितलं. ते म्हणाले, बाई, चहा घ्या. आता तुम्ही सांगा."

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी उभ्याउभ्या पाणी पीत होती. मी दारात थांबून तिचा गळा बघत राहिलो. एक घोट खाली गेला. दुसरा.

"काय बघतास, भावजी?"

"काय नाय."

"सिस्टर काय म्हणाली?"

मी सांगितलं. सगळं नाही. तिने भांडं पालथं घातलं.

"मी नाय जावचंय. खूण पुसलंय आणि माझ्या चेडवार, सुगूवर, काय इला तर?"

"आणि तुका काय झाला तर? सुगू कोणाकडे जातली?"

तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "देवाक विचारा. देव सोडता तर जातंय."

म्हणून कौल. ही कल्पना तिची. पाण्याची माझी.

*

जे व्हायचं होतं ते असं:

अंकुशतात्या परब, आमचे मानकरी, उंबऱ्यापाशी उभे राहून गाऱ्हाणं घालतील. म्हणतील, ही तुझी लेक शीव ओलांडून उपचाराला जाऊ म्हणते, तिला सोडत असशील तर उजवा दे. उजवी पाकळी सुटेल. साडेअकराची एसटी आहे. एकच्या आत तालुका. माझा धर्म बुडाला तर बुडाला, पण वहिनी वाचेल आणि कुणाला कधी काही कळणार नाही.

जे झालं ते असं:

"बा देवा गिरोबा, डोंगराच्या धन्या, महाराजा."

व्हय महाराजा, मंडपातली माणसं म्हणाली.

"ह्या गावाक तू राखणदार. तुझी खूण ती आमची खूण, महाराजा."

व्हय महाराजा.

"आज गुरवाची सून तुझ्या पायाकडे इली हा. तिच्या अंगार तू खूण केलंस."

व्हय महाराजा.

मी गाभाऱ्याच्या कोपऱ्यात हात जोडून उभा होतो. उजव्या पाकळीची कड उचलल्यासारखी दिसत होती. लवकर विचारा, तात्या, लवकर.

"तर ही तुझी लेक चाळीस दिवस तुझ्याच शिवेत ऱ्हावची, तुझ्याच तीर्थान बरी होवची, अशी तुझी मर्जी असात, तर उजवो दी."

व्हय महाराजा.

"तिका सोडतंस, तर डावो दी."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, त्यांनी बाजू उलट्या मागितल्या होत्या. चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत जाऊ का, असा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे तो कुठल्या हाताला मागायचा हे मला माहीत नव्हतं. तात्यांनी नंतर सांगितलं, अगदी साधेपणाने: उजवी बाजू देवाच्या मानाची, देवाला सोडून जाणं उजव्या हाताला कसं मागायचं? त्यांच्या मनात कपट नव्हतं. पाकळ्या आधी लावायच्या आणि प्रश्न मागून, ही रीतच होती. मी पुढे होऊन पाकळी पुन्हा लावू शकत नव्हतो. गाऱ्हाणं सुरू झाल्यावर पाषाणाला हात लावायचा नसतो, आणि साठ माणसं बघत होती.

मी श्वास रोखला. माझ्या श्वासाने तरी ती वाळू नये म्हणून.

उजवी पाकळी पडली.

मंडपातून एक लांब उसासा आला. समाधानाचा. बायकांच्या बाजूला वहिनी बसली होती, तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि जमिनीला डोकं टेकलं.

*

"मी पाणी सारखं लावलं नाही," मी म्हणालो.

उंबऱ्यात उभा राहून म्हणालो. स्वतःचा आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

तात्या वळले. "काय बोललंस, दिगू?"

"उजव्या पाकळीला पाणी कमी लावलं. मुद्दाम. ती आधी पडावी म्हणून."

"कित्याक?"

"मला वाटलं तुम्ही उजव्या हाताला सुटका मागाल."

कुणी अंगावर आलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हललं नाही. मागे बाबी राऊळ होता, त्याला एकदम हसू फुटलं आणि त्याने ते दाबलं. तात्या पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सत्तरीचे होते. माझं जावळ त्यांच्याच मांडीवर काढलं होतं असं आपा सांगायचे.

"म्हणजे तू उजवी पाडूक बघलंस."

"हो."

"आणि उजवीच पडली."

"तात्या, ती मी पाडली."

"तू पाडलंस ती तिका पाठवूक. आणि तिका तर ऱ्हावचा इला." ते माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, दयेने. "अरे, तुझो हात वापरलान त्यान. तू देवाक ठकवूक गेलंस, तर देवान तुकाच ठकवलान. ह्याच्याहून खरो कौल माझ्या जन्मात मी बघूक नाय."

"व्हय, व्हय," दोघे-तिघे म्हणाले.

त्या क्षणी मला जी भीती वाटली ती पुन्हा कधी वाटली नाही. देवाची नव्हती ती. मी खरं बोललो होतो, सगळ्यांसमोर, पुराव्यासकट, आणि ते खरं त्यांनी उचलून गाभाऱ्यात देवाच्याच पायाशी ठेवलं होतं. आता मी काहीही बोललो तरी ते तिथेच जाणार होतं.

मी वहिनीकडे बघितलं.

"भावजी, आता गप ऱ्हवा," ती म्हणाली. "आजून पाप नको."

*

घरी आपा पडवीत बसले होते. सगळं त्यांच्या कानावर आलं होतं. वहिनी थेट आत गेली. मी आपांसमोर उभा राहिलो, लहानपणी उभा राहायचो तसा.

"किती पाणी लावलंस?" त्यांनी विचारलं.

"डावीला बोटभर. उजवीला नुसतं टेकवलं."

"हं."

"आपा, तुम्ही सांगा तिला. ती तुमचं ऐकेल. तुम्ही बेचाळीस वर्षं..."

"काय सांगू?"

"की ते पाणी असतं. फक्त पाणी."

ते उठले. मला वाटलं मारतात. ते मागच्या दाराने परसात गेले. परतले तेव्हा हातात तगरीची दोन फुलं होती. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पाटा भिंतीला उभा टेकवला. मसाला वाटायचा रोजचा पाटा. वहिनी चुलीपाशी बसली होती, सुगंधा तिच्या मांडीवर झोपली होती.

"मालन, इकडे बघ. खयची पडूक व्हयी?"

"काय करतास ह्या, आपा?"

"सांग. खयची?"

"डावी," मी म्हणालो.

त्यांचा हात इतका थरथरत होता की पाकळी दोनदा बोटावरून गळली. मी पुढे झालो.

"नको. माझ्याच हातान होवक व्हया."

शेवटी पाकळ्या लागल्या. आम्ही चौघं, एक झोपलेली, त्या पाट्याकडे बघत बसलो. चुलीची धग होती, फार वेळ लागला नाही. डावी पडली.

"आता उजवी," आपा म्हणाले. उजवी पडली.

"पुरे, आपा," वहिनी म्हणाली.

"आता तू लाव."

"मी? बायलो कौल लावतत?"

"पाटो आसा तो, बाये. त्याच्यार तू रोज मिरची वाटतंस."

तिने सुगंधाला माझ्याकडे दिलं. बोट पाण्यात बुडवलं. पहिल्या पाकळीला पाणी लावताना तिने डोळे मिटून घेतले होते. डावीला कमी लावलं, उजवीला जास्त, आपांनी सांगितलं नव्हतं तरी. मग ती मागे सरकून बसली, आपण साप सोडलाय अशी.

डावी पडली.

बाहेर कुणाच्या तरी म्हशी चालल्या होत्या. त्यांच्या गळ्यातल्या घंटा दूर गेल्या.

"मगे सासूबाईंच्या येळाक?" वहिनीने विचारलं.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. पोटाचं काहीतरी झालं होतं, एवढंच घरात बोललं जायचं.

आपा पाट्याकडे बघत होते. "डॉक्टर म्हणालो, मिरजेक न्हेवा, कापूक व्हया. मी देवाक विचारलंय. डावो पडलो. दुसऱ्या दिवशी परत विचारलंय. डावो. तिसऱ्या दिवशी डावो. पाणी सारख्याच लावलंय, मालन. एका थेंबाचो फरक नाय. माझ्यासारखो प्रामाणिक गुरव पंचक्रोशीत नव्हतो."

"आणि मगे?"

"चौथ्या दिवशी उजवो पडलो. मी धावत घराक इलंय."

त्यांनी पाटा उचलून आडवा ठेवला आणि पंच्याने कोरडा पुसला.

वहिनी उठली. खुंटीवरची साडी काढून पिशवीत भरली.

*

साडेअकराची गाडी गेली होती. दुसरी अडीचला.

सुगंधाला बरोबर घ्यायचं मी म्हटलं तर वहिनी नाही म्हणाली. "तिका शीव ओलांडूक नको. माझा काय व्हायचा ता होवंदे." पाट्यावर स्वतः पाकळी पाडूनही तिच्या मनात एवढं उरलंच होतं. शेजारच्या इंदूकाकीकडे पोरीला ठेवलं.

शिवेवर शेंदूर लावलेले दोन दगड आहेत. तिथे दहा-बारा माणसं उभी होती, पुढे तात्या. कुणाच्या हातात काही नव्हतं. मी वहिनीच्या पुढे झालो, आपा तिच्या मागे होते.

"दिगू, भियाव नको," तात्या म्हणाले. "कोणाचो हात लागूचो नाय. आमी काय गुंड नाय."

"मग वाट द्या."

"वाट मोकळी आसा." खरंच मोकळी होती. ते बाजूला झाले आणि वहिनीशी बोलले, अगदी हळू, मुलीशी बोलावं तसं. "बाये, तू जातंस तर जा. मी तुझ्यासाठी रोज दिवो लावीन. पण परत येताना विचारूचा लागतला. तो घेता काय नाय, ता आमच्या हातात नाय."

तिने मागे बघितलं. इंदूकाकीच्या अंगणात सुगंधा उभी होती, एवढीशी दिसत होती.

मला वाटलं, परतते. मी तिचा हात धरला नाही. धरायला हवा होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. आपांनी तिच्या पुढे येऊन दगड ओलांडला. मग तिने.

गाडीत ती सारखी मागच्या काचेतून बघत होती, कुणी पाठलाग करत असल्यासारखी.

*

चौदा दिवस. दवाखान्याच्या मागे एक खोली मिळाली. रोज सकाळी पोटात एक इंजेक्शन. बेंबीभोवती गाठी उठल्या, ती कुशीवर वळायची नाही.

आणि रोज सकाळी ती पाणी प्यायची तेव्हा मी आणि आपा काहीतरी काम काढून तिथेच असायचो. ती ओळखून होती. कधी मुद्दाम भांडं हातात घेऊन थांबायची. "बघा हा, पितंय. पैसे काढा खेळाच्या तिकिटाचे." आम्ही हसायचो. नवव्या दिवशी घोट घेताना तिचा घसा अडकला. भांडं पडलं, पाणी फरशीवर पसरलं, ती दोन्ही हातांनी गळा धरून वाकली. आपा भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले. मी हललोही नाही. मग ती खोकली. ठसका होता. ती खोकत राहिली आणि रडत राहिली, आणि खोकला थांबल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे पुन्हा भांडं भरून सगळं पाणी पिऊन दाखवलं.

कुंभारसिस्टर एकदा येऊन गेल्या. उशीर झालाय, पण आशा ठेवा, म्हणाल्या. आशा किती दिवस ठेवायची ते मी विचारलं नाही.

तेहेतीस वर्षं झाली. वहिनी आहे. पण त्या पंधराव्या दिवशी ती जगेल की नाही हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याच दिवशी आम्ही परत निघालो, कारण तिला सुगंधाला बघायचं होतं.

*

सकाळच्या गाडीने आलो. शिवेच्या दगडांपाशी बाबी राऊळ उभा होता.

"हयच थांबा," तो म्हणाला. "देवळात विचारतत."

माझ्या जागी माझ्या चुलतभावाला गुरव केलं होतं. दगडांच्या पलीकडे, पन्नास पावलांवर, इंदूकाकी सुगंधाचा हात धरून उभी होती. पोर हात सोडवायला बघत होती.

"आई," ती ओरडत होती, "आई, हय ये."

वहिनी दगडाच्या अलीकडे उभी राहिली. एक पाऊल टाकलं असतं तर पलीकडे. तिने टाकलं नाही. पिशवी पोटाशी धरून देवळाच्या कळसाकडे बघत राहिली. मी दोनदा म्हणालो, चल. तिने मान हलवली. "थांबा, भावजी. इतक्या केला तुमी. आता ह्या एवढा थांबा."

ऊन चढलं. आपा रस्त्याकडेच्या धोंड्यावर बसले. काय पडेल ते मला माहीत नव्हतं, किती पाणी लावलंय तेही माहीत नव्हतं. माझ्या चुलतभावाला तरी ते माहीत होतं का, कोण जाणे. पोरगी ओरडून थकली आणि मातीत बसली.

देवळाची घंटा वाजली. वरून कुणीतरी हात हलवला.

"उजवो," बाबी म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर फुलला होता. "घेतलान देवान. येवा, येवा."

वहिनी धावली. चप्पल तिथेच राहिली. सुगंधाला उचलून तिने देवळाच्या दिशेने आधी नमस्कार केला आणि मग पोरीच्या गालाला गाल लावला.

मी दगड ओलांडून पलीकडे गेलो. मागे वळून बघितलं तर आपा धोंड्यावरच होते.

"आपा, चला," बाबी म्हणाला. "उजवो इलो."

"डावो इलो असतो तर?"

"काय?"

"डावो इलो असतो, तर ह्या चेडवान आपल्या आवशीक बघूचा नाय होता?"

बाबी हसला. चांगला माणूस होता, त्या पंधरा दिवसांत आमच्या गुराढोरांना त्यानेच पाणी दाखवलं होतं. त्याने खाली वाकून वहिनीची चप्पल उचलली, झटकली.

"पण इलो नाय मां, आपा."

आपांनी तोंडावरचा घाम पंच्याने पुसला. मग पिशवी खांद्याला लावली आणि आलो त्याच रस्त्याने गाडीच्या थांब्याकडे चालू लागले.